मूकपटाच्या काळातल्या नटी-गायिकेचं आयुष्य कसं शोधायचं, ठाण्यात राहून

ठाणे, कळवा, मुलुंड या पट्ट्यात, आणि आता गिरगाव-दादर सोडून ऐरोली-घणसोलीला राहायला आलेल्या घरांतही एक गोष्ट बऱ्याचदा ऐकू येते, की आमच्या पणजीची बहीण सिनेमात होती, बोलपटाच्या आधीच्या, आणि गायचीही छान. त्यापुढे विचारलं की सगळं थांबतं. सिनेमाचं नाव माहीत नाही, कंपनी माहीत नाही, एखादा फोटो असतो आणि एक किस्सा असतो जो दर लग्नात थोडा थोडा वाढत जातो. हे सगळं असंच विरून जाऊ द्यायचं नसेल तर काय काय करायचं ते लिहितेय. घरातली बाई नसेल, नुसती एखाद्या जुन्या नटीबद्दल ओढ असेल, तरी पद्धत हीच.

आधी एक पक्कं करून घ्या. तिचे सिनेमे बघायला मिळतील ही आशा फार धरायची नाही. आपल्याकडे १९१३ पासून १९३४ पर्यंत १३०० च्या आसपास मूकपट झाले आणि त्यातले आज मूठभर शिल्लक आहेत, तेही बरेचसे तुकड्यांत. कारण ती फिल्म नायट्रेटची असायची, पटकन पेटते, नीट ठेवली नाही तर कुजते, वर त्यात चांदी असते म्हणून कित्येक रिळं भंगारात गेली, आणि बोलपट आल्यावर मूकपटाला कोणी विचारेना. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या वॉल्टला आग लागली त्यातही बरंच जुनं गेलं. त्यामुळे तिचं आयुष्य आपल्याला कागदावरून उभं करायचंय, आणि ती गाणारी असेल तर आवाजावरून. कागद म्हणजे तारीख असलेला कागद. तारखेसकट छापलेली चार ओळींची जाहिरात ही चाळीस वर्षांनी लिहिलेल्या चार पानी आठवणींपेक्षा जास्त भरवशाची असते. आठवणी लागतातच, पण त्यांना टेकायला ती जाहिरात हवी.

घरापासून सुरुवात

घरात किंवा नात्यात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल तर लायब्ररी नंतर, आधी त्यांच्याकडे जा. दुपारी जेवणानंतर नको, झोप येते, सकाळी चहाच्या वेळेला बरं. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावायचं, पण विचारून लावायचं, आणि फॅन बंद करायचा कारण जुना आवाज आणि पंखा एकत्र आला की नंतर काही कळत नाही.

प्रश्न कसा विचारता याच्यावर सगळं आहे. "ती हिरॉईन होती ना?" असं विचारलं की "हो होती" एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा की ती राहायची कुठे, कुठल्या चाळीत, कामाला कशी जायची, ट्राम की कंपनीची गाडी, सोबत कोण जायचं, पैसे कोणाच्या हातात यायचे, घरी पेटी होती का, मास्तर शिकवायला यायचे का, ते कुठल्या गावचे. पत्ता मिळाला की कंपनीचा अंदाज येतो, कारण ग्रँट रोड-केनेडी ब्रिजकडे इंपीरियल, दादरला कोहिनूर, रणजित, अशा कंपन्या होत्या आणि माणसं बहुतेक कामाच्या आसपासच राहायची. आणि शेवटी विनंती करा की ती कुठलं गाणं म्हणायची ते जरा म्हणून दाखवा. नाव आठवत नसतं, साल आठवत नसतं, पण चाल आठवते, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय, आणि त्या दोन ओळींवरून नाटक सापडतं, नाटकावरून कंपनी सापडते.

अजून एक, काही घरांत हा विषय मुद्दाम दाबलेला असतो. त्या काळात सिनेमात काम करणाऱ्या बाईला लोक काय म्हणायचे हे म्हाताऱ्या माणसांच्या मनात अजून असतं आणि ते आपल्यापासून तिला जपत असतात. तिथे घाई करू नका. दोन-तीनदा नुसतं जाऊन बसा.

फोटो असेल तर फ्रेममधून काढताना जबरदस्ती नको, चिकटला असेल तर काचेसकट स्कॅन करा किंवा दिवसाउजेडी फोटो घ्या. मागची बाजू विसरू नका, सगळी माहिती मागे असते, फोटो स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीत लिहिलेलं नाव, कधी तारीख. आणि प्लीज तो रंगीत करून ग्रुपवर टाकू नका. मोबाईलचं अॅप साडीचा रंग मनाने ठरवतं, नाक-डोळे पण बदलतं, आणि पाच वर्षांनी तोच फोटो खरा म्हणून फिरत असतो.

नावाचा गुंता, इथे वेळ घालवाच

सगळ्यात जास्त घोळ नावांत होतो. मूकपट कंपन्या नट्यांची नावं सर्रास बदलायच्या. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२० च्या सैरंध्रीत दोन जणी आल्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई, पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. येवल्याची अंबा सगुण पुढे ललिता पवार झाली. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स, बगदादी ज्यू घरातली, टेलिफोन ऑपरेटर, ती सुलोचना झाली. म्हणजे तुमच्या पणजीच्या बहिणीचं घरचं नाव घेऊन तुम्ही यादीत शोधाल तर ती सापडणारच नाही.

उलट बाजूने पण तेच, एका नावाच्या अनेक जणी. सुलोचना घ्या. रूबी मायर्स सुलोचना १९०७ ते १९८३. मग सुलोचना लाटकर, आपल्या दीदी, ज्या २०२३ मध्ये गेल्या. मग लावणीवाल्या सुलोचना चव्हाण, त्या २०२२ मध्ये गेल्या. तिघी पूर्ण वेगळ्या, पण यूट्यूबवर एकीच्या गाण्यावर दुसरीचा फोटो लावलेला सर्रास दिसतो.

गोहर नावाचं तर विचारू नका. गौहर जान ही कलकत्त्याची गायिका, १९०२ मध्ये भारतातली अगदी सुरुवातीची जी रेकॉर्डिंग झाली त्यातली मोठं नाव असलेली, गाणं संपल्यावर स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची, १९३० मध्ये वारली, तिचा मूकपटाशी संबंध नाही. गोहर मामाजीवाला ही मूकपटाची मोठी नटी, १९२७ च्या गुणसुंदरीने गाजली, चंदुलाल शहांबरोबर १९२९ मध्ये रणजित उभी केली. आणि गोहरबाई कर्नाटकी, बालगंधर्वांच्या आयुष्यातल्या, गायिका अमीरबाई कर्नाटकींची बहीण. या तिघींची चरित्रं एकत्र कालवून बनवलेले लेख मी वाचलेत आणि फार वाईट वाटतं, कारण तीन बायकांनी आयुष्यभर केलेलं काम एका काल्पनिक बाईच्या नावावर जमा होतं. झुबेदाचंही तसंच, आलम आरा या आपल्या पहिल्या बोलपटाची नायिका झुबेदा ही नटी-दिग्दर्शिका फातमा बेगमची मुलगी, आणि २००१ चा सिनेमा ज्या झुबेदावर आहे ती वेगळी.

उपाय साधा आहे. वहीत प्रत्येक नावाला एक पान द्यायचं, खरं वाटणारं असो वा नसो. त्या पानावर त्या नावाने जे जे सापडेल ते सालासकट लिहायचं. थोड्या दिवसांनी दिसायला लागतं की या दोन पानांवरच्या सालांत काही टक्कर नाही, कंपनीही एकच, म्हणजे बाई एकच असू शकेल, किंवा हिने १९२६ ला कोल्हापुरात आणि त्याच महिन्यात कलकत्त्यात काम केलंय असं दिसतं, म्हणजे या दोघी आहेत. फोटो कुठल्या पानाला जोडायचा हे त्या काळात छापलेली ओळ खाली असेल तरच ठरवा, चेहऱ्यावरून नको. भुवया कोरलेल्या, पावडर लावलेली, मान तिरकी, त्या काळचे सगळे फोटो एकाच धाटणीचे असतात.

सिनेमांची यादी आणि जाहिराती

मूकपटांच्या यादीसाठी वीरचंद धरमसींनी केलेलं काम आधाराला घ्या. १९१२ ते १९३४ ची त्यांची फिल्मोग्राफी पुण्याच्या फिल्म अर्काइव्हच्या (राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या) १९९४ च्या पुस्तकात आहे. इंटरनेटवरच्या याद्या बघायला हरकत नाही पण त्या एकमेकांवरून उतरवलेल्या असतात, एकीत चूक असली की सगळ्यांत तीच असते, आणि चार ठिकाणी सारखं लिहिलंय म्हणजे खरं असणार असं आपल्याला वाटतं.

यादीतून सिनेमाचं नाव, कंपनी आणि साल हातात आलं की वर्तमानपत्राकडे वळायचं. ठाणेकरांना पहिलं ठिकाण म्हणजे आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ सालचं, महाराष्ट्र सारस्वतकार वि. ल. भावे ज्याच्या स्थापनेत होते ते. जुनी मासिकं, नाटकांची पुस्तकं, नटांची आत्मचरित्रं यासाठी तिथून सुरू करा, वाचनालयातल्या माणसांना विषय नीट सांगा, नुसतं "जुनं काही आहे का" विचारू नका, "१९२० ते १९३५ मधली मासिकं बघायची आहेत" असं विचारा. मग दादर, लोकलने अर्धा तास, तिथे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ सालचं. मासिक मनोरंजन, केसरी, नवाकाळ, किर्लोस्कर, १९३० नंतरचं स्त्री, यांत नट्यांबद्दल थेट कमी असतं पण समाज काय बोलत होता ते कळतं. फाळक्यांनी स्वतः १९१७-१८ मध्ये नवयुग मासिकात लेखमाला लिहिली होती ती मिळाली तर नक्की वाचा, बायका कामाला मिळत नव्हत्या ही अडचण त्यांच्याच शब्दांत कळते.

आता एक गोष्ट जी मराठी माणसं विसरतात. मुंबईत मूकपटाच्या जाहिराती गुजराती पेपरात भरपूर यायच्या, निर्मात्यांत आणि थिएटरवाल्यांत गुजराती-पारशी खूप होते, प्रेक्षकही होते. मुंबई समाचार १८२२ पासून आहे. गुजराती लिपी शिकायला अवघड नाही, देवनागरीची ओळख असली की आठवड्याभरात जाहिरात वाचण्यापुरती येते, नाहीतर मुलुंडला-घाटकोपरला ओळखीचं कोणीतरी गुजराती असतंच, त्यांना फोटो दाखवा, त्यांनाही मजा येते. जाहिरातीतून काय मिळतं तर थिएटर, तारीख, किती आठवडे चालला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नटीचं नाव सिनेमाच्या नावापेक्षा मोठं छापलंय का लहान. १९२४ ला बारीक अक्षरात आणि १९२७ ला ठळक, एवढं दिसलं तरी तिची वाढ कशी झाली ते तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही.

मुंबईत १९२० पासून सेन्सॉर बोर्ड होतं, आणि पास झालेल्या सिनेमांच्या याद्या सरकारी गॅझेटमध्ये छापायचे. त्यासाठी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. ओळखपत्र न्या, पेन्सिल न्या कारण पेन बहुतेक अशा ठिकाणी चालत नाही, फोटो काढायचे तर आधी परवानगी. यादीत सिनेमाची लांबी फुटांत असते आणि ती कामाची आहे. ३५ एमएम फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम. सेकंदाला १६ फ्रेम या वेगाने १००० फुटांचं रीळ साधारण सतरा मिनिटं चालतं. म्हणजे ६००० फुटांचा सिनेमा असेल तर शंभर मिनिटं. "छोटी फिल्म असेल काहीतरी" असं घरचे म्हणत असतात आणि निघतो पूर्ण लांबीचा सिनेमा.

१९२७-२८ मध्ये सरकारने रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमा चौकशी समिती नेमली होती, त्यांनी देशभर फिरून साक्षी घेतल्या, ते जाडजूड खंड आता इंटरनेटवर फुकट मिळतात. स्टुडिओ, पगार, नट्यांची परिस्थिती, सगळ्यावर त्या काळातली माणसं बोललेली आहेत. मला विचाराल तर मूकपटाच्या जगाची इतकी जवळून ओळख दुसरीकडे मिळत नाही, घरबसल्या तर नाहीच.

पुण्याला फिल्म अर्काइव्हला जायचं ते शेवटी जा, हातात यादी तयार असताना. तिथे लॉ कॉलेज रोडला लायब्ररी आहे, फोटो आहेत, जाहिरात पुस्तिका आहेत. यादीशिवाय गेलात तर नुसतं भारावून परत याल.

एक नमुना करून बघू, कमलाबाई गोखले

पद्धत कळायला एक आयुष्य घेऊ. वहीच्या पानाला तीन रकाने, साल, घटना, आणि हे कुठून कळलं.

१९००, जन्म. आई दुर्गाबाई कामत, वडील आनंद नानोसकर, जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. १९०३, आईवडील वेगळे झाले. इथे जरा थांबा आणि विचार करा. तीन वर्षांची मुलगी कडेवर, नवरा नाही, १९०३ साल. अशा बाईपुढे किती वाटा होत्या? दुर्गाबाईंनी फिरती नाटक कंपनी धरली आणि मुलगी चार-पाच वर्षांची होईतो स्टेजवर उभी राहिली. त्यामुळे "सिनेमाने तिला घडवलं" असं कोणी लिहिलं तर ते सरळ खोडा. गाणं, नाच, भाषण, समोर माणसं बसलेली असताना न घाबरणं, हे सगळं कॅमेरा दिसायच्या आधी झालेलं आहे.

१९१३. मे महिन्याच्या ३ तारखेला गिरगावात कॉरोनेशनला राजा हरिश्चंद्र लागला, त्यात तारामती अण्णा साळुंके, पुरुष. त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले आणि मोहिनी भस्मासुर केला, त्यात दुर्गाबाई पार्वती आणि तेरा वर्षांची कमला मोहिनी. पहिली नटी आई की मुलगी यावर लोक वाद घालतात. दोघी एकाच सिनेमात आहेत, तुम्ही तसंच लिहा, कोणाला पुढे-मागे करायची गरज नाही.

आणि आता गंमत बघा, बहुतेक लेख इथेच संपतात. पहिली स्त्री कलाकार, टाळ्या, संपलं. तुमच्या वहीत मात्र १९१३ नंतरच्या ओळी रिकाम्या आहेत आणि त्या भरायच्या आहेत. लग्न रघुनाथराव गोखल्यांशी, नाटक कंपनीतलेच. तीन मुलगे, चंद्रकांत गोखले नट, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक. नवरा लवकर गेला, तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या आणि तिसरं मूल पोटात. त्यानंतरही नाटक, मग बोलपट, काम थांबलंच नाही. १९८० च्या गहराई या हिंदी सिनेमात त्या आहेत. १९१३ ते १९८०, सदुसष्ट वर्षं! नातू विक्रम गोखले. १९९२ मध्ये रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, त्यात नव्वदीच्या कमलाबाई स्वतः बोलतात, आणि म्हाताऱ्या बाईशी कसं बोलावं, कुठे गप्प बसावं हे शिकायला तो बघाच.

वही अशी भरली की कळतं, मूकपट हा त्या आयुष्याचा एक छोटा तुकडा आहे. बाईला तीन मुलं वाढवायची होती आणि अंगात कला होती, त्या दोन गोष्टींनी सगळं पुढे नेलं. तुमच्या घरातल्या नटीचंही बहुधा असंच काही निघेल, सिनेमे दोन-चार आणि बाकी सगळं आयुष्य नाटक, मैफली, गाण्याच्या शिकवण्या. तो बाकीचा भाग "इतर" म्हणून शेवटी कोंबू नका.

आवाज

मूकपटात नटी गाणारी असली तरी पडद्यावर उपयोग नाही. थिएटरात पडद्याच्या पुढे पेटी-तबलावाले बसायचे, ते वाजवायचे. म्हणून मूकपटातल्या नटीचा आवाज शोधायचा तर तीन जागा, नाटक, ग्रामोफोन रेकॉर्ड, आणि १९३१ नंतरचे बोलपट.

१४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिकला आलम आरा लागला आणि एका रात्रीत हिशोब उलटा झाला. ज्यांना गाता येत होतं, हिंदुस्तानी नीट बोलता येत होतं त्यांचे दिवस आले, झुबेदासारख्या मूकपटातून थेट बोलपटात गेल्या. ज्यांना ते जमत नव्हतं, त्यात युरेशियन (अँग्लो-इंडियन) आणि ज्यू घरांतल्या बऱ्याच जणी, त्यांची पंचाईत झाली. सुलोचना रूबी मायर्सने काम थांबवून भाषा शिकून घेतली आणि १९३२ मध्ये माधुरी या आपल्याच मूकपटाचा बोलपट घेऊन परत आली. तिने १९२८ ला मूक अनारकली केला, १९३५ ला बोलका अनारकली केला आणि १९५३ च्या अनारकलीत ती जोधाबाई होती. १९७३ चा फाळके पुरस्कार तिला मिळाला. तुमच्या नटीच्या वहीत १९३१ ते १९३३ या ओळी अगदी बारकाईने बघा, कारण तिथे बहुतेकींचं आयुष्य एकतर वर जातं किंवा गप्प होतं.

आता कामाचा नियम. आपल्याकडे पार्श्वगायन १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या धूपछाँवपासून सुरू झालं असं धरतात. त्याआधीच्या बोलपटात पडद्यावर जी गाताना दिसते तिचाच आवाज, सेटवर उभं राहून, वादक कॅमेऱ्याच्या बाहेर लपवून. म्हणजे १९३५ च्या आधीचा बोलपट सापडला तर तिचा खरा आवाज सापडला. १९३२ चा अयोध्येचा राजा आज बघता येतो, दुर्गाबाई खोट्यांचा आवाज ऐका. ग्रामोफोन रेकॉर्डच्या बाबतीत मात्र सावध, सिनेमाचं गाणं रेकॉर्डवर वेगळ्याच कोणी गायलेलं असायचं कधी कधी, लेबल वाचल्याशिवाय नाव जोडू नका.

घरात माळ्यावर जुन्या काळ्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या निघाल्या तर:

आडव्या एकावर एक ठेवू नका, खालची तडकते. उभ्या ठेवा. स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोलवालं काहीही लावायचं नाही, ती लाखेची असते, स्पिरिटने विरघळते. मऊ ब्रश, फार मळली असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा एक थेंब, लेबल कोरडं ठेवून, आणि सावलीत वाळवायची. आजकालच्या टर्नटेबलची साधी सुई लावली तर आवाज पातळ येतो आणि खरखर जास्त येते, ७८ साठीची जाड सुई वेगळी मिळते. वाजवायच्या आधी लेबलचा फोटो काढा आणि लेबलजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला नंबर टॉर्च तिरका धरून वाचा, तो मॅट्रिक्स नंबर. लेबलवरचा कॅटलॉग नंबर आणि हा नंबर मिळाला की जाणकार रेकॉर्डचं साल बऱ्यापैकी सांगू शकतात. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावतात, म्हणून "आजी एक राग तासभर गायची" आणि रेकॉर्डवर तीन मिनिटं यात काही विरोध नाही. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून आहे, त्यांच्या मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर वाचता येतात, मराठी नाट्यसंगीत गाणाऱ्यांवर त्यात फार चांगलं लिहिलेलं आहे.

फिल्मचा जुना डबा निघाला तर मात्र उघडून प्रोजेक्टरवर लावायला जाऊ नका. नायट्रेट असेल तर आग लागते. थंड जागी, घरातल्या गॅसपासून लांब ठेवा आणि पुण्याच्या अर्काइव्हला कळवा.

उरलेले मूकपट बघताना

१९१९ चा कालिया मर्दन इंटरनेटवर आहे, फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीय, सुरुवातीलाच ती नुसते चेहऱ्याचे भाव करून दाखवते, लहानशी पोर, बघत राहावंसं वाटतं. बघताना माणसं पळाल्यासारखी चालत असतील तर सिनेमा २४ फ्रेमने चाललाय असं समजा, स्पीड पाऊण करा, सगळं जागेवर येतं. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दाखवायचा तर नुसतं यूट्यूबचं संगीत लावू नका, कोणीतरी पेटी वाजवणारं आणि तबलजी नौपाड्यात, घंटाळीला, वाशीला कुठेही मिळतं, त्यांना आधी एकदा सिनेमा दाखवा आणि मग समोर बसवून वाजवायला सांगा. प्रेक्षक बोलतात, हसतात, ओळी मोठ्याने वाचतात, ते थांबवू नका.

लिहायला बसताना

दोन गोष्टींवर माझा कटाक्ष आहे. पहिली, दंतकथा. सुलोचनाला गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता हे वाक्य प्रत्येक लेखात असतं. हे लिहायचं तर "असं म्हणत" जोडून लिहा. तुमच्या घरच्या किश्शांनाही तोच नियम, आणि कोणी सांगितलं तेही लिहा, "मोठ्या मावशीने सांगितलं" ही सुद्धा एक नोंदच आहे. दोन सालं मिळाली तर दोन्ही लिहा.

दुसरी गोष्ट तिच्या खाजगी आयुष्याबद्दल. फातमा बेगम आणि गुजरातेतल्या सचिन संस्थानचे नवाब, लग्न झालं होतं का नव्हतं, यावर लिहिणारे पानं भरतात, आणि १९२६ मध्ये बाईने स्वतःची कंपनी काढून बुलबुल-ए-परिस्तान दिग्दर्शित केला हे एका ओळीत उरकतात. मला याचा मनापासून राग येतो. १९२६ मध्ये! काम आधी लिहा, लांब लिहा. दुर्गाबाई खोट्यांनी १९३१ मध्ये फरेबी जालमध्ये काम केलं तर चांगल्या घरची बाई सिनेमात म्हणून केवढा गहजब झाला, हे आपल्याला माहीत आहे कारण त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. ज्यांना लिहून ठेवता आलं नाही त्यांच्या बाजूने बोलायला आता फक्त तुमची वही आहे. नाती, पैसे, शेवटची वर्षं याबद्दल कागद असेल तेवढंच लिहा, आणि हयात नातेवाईकांना छापायच्या आधी वाचायला द्या.

कॉपीराइटचं थोडक्यात. आपल्याकडे ध्वनिमुद्रण आणि सिनेमा यांचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९३० च्या रेकॉर्डच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आता संपलेला आहे. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ते वेगळं तपासा.

झालं की सगळं एका फाईलमध्ये, फोटोंना नाव देताना साल आधी, मग नाव, मग कुठून मिळालं. एक प्रत घरात, एक ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाला घ्याल का विचारून, एक पुण्याच्या अर्काइव्हला. ज्या गोष्टीला छापील पुरावा आहे तेवढी मराठी विकिपीडियावर टाका, बाकीची फाईलमध्येच राहू दे. आणि घरच्या ज्यांनी चाल गाऊन दाखवली त्यांचं मूळ रेकॉर्डिंग, न कापता, पंख्याच्या आवाजासकट का असेना, त्या फाईलबरोबरच ठेवा.